इंग्रजीत एखादा ‘डुलॅली’ झाला म्हणतात, म्हणजे नेमकं काय?

डोकं फिरलं, भ्रमिष्ट झाला, असा अर्थ. ब्रिटिश बोलीतला शब्द आहे, पण जन्म आपल्या नाशिकजवळचा. ‘डुलॅली’ म्हणजे चक्क देवळाली! गोऱ्या शिपायांच्या जिभेवर नावाचं हे असं झालं.

एकोणिसाव्या शतकात तिथे ब्रिटिश लष्कराचा कॅम्प होता. नोकरीची मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे थांबायचे. पण ही जहाजं साधारण हिवाळ्यातच सुटायची. मार्चनंतर मुदत संपली की बसा पुढच्या मोसमापर्यंत! हाताला काम नाही, वर उन्हाळा, दारू आणि हिवताप. त्यात काहीजण चक्रम वागायला लागायचे.

मूळ प्रयोग ‘डुलॅली टॅप’ असा होता. ‘टॅप’चा नळाशी काही संबंध नाही, तो आपला ताप. म्हणजे शब्दशः ‘देवळालीचा ताप’. पुढे ताप गळला, गाव राहिलं.

आज इंग्लंडमध्ये हा शब्द थट्टेतच जास्त ऐकू येतो. कुणी चष्मा फ्रिजमध्ये ठेवून घरभर शोधत बसलं, की ‘आय ॲम गोइंग डुलॅली’.