मोगऱ्याला ताण द्या, शेवंतीला निरोप

गोराईच्या एका बागायतदारांनी विचारलंय, 'मोगरा हिरवागार आहे, पण गेल्या वर्षी कळी उशिरा आली. आता जानेवारी संपत आला, छाटणी केली तर चालेल का?' आणि मुलुंडच्या एका ताईंचा प्रश्न, 'गॅलरीतली शेवंती, पिटुनिया मलूल पडलीत. कोणतं खत घालू?'

ताईंचं उत्तर छोटं आहे. खत नको. पिटुनिया थंडीपुरतीच, तिला मुंबईचं ऊन सोसत नाही. शेवंती मात्र फेकू नका. फुलं सुकली की चार बोटं ठेवून कापा, बुडातून फुटवे येतील. ते सावलीत जगवा आणि पावसाळ्याच्या तोंडाशी वेगळे लावा. रिकाम्या कुंड्यांत ऑफिसटाइम (ऊन आलं की फुलणारं छोटं रोप) किंवा झिनिया लावा. नर्सरीत अजून डेलिया भरगच्च दिसतील, पण तीही थंडीचीच, मोहात पडू नका.

आता मोगरा. दादा, झाड हिरवंगार आहे हेच दुखणं! थंडीत पाणी चालूच राहिलं की झाड पाल्यातच रमतं. आधी दहा-बारा दिवस पाणी तोडून ताण द्या. पानं पिवळी पडून गळायला लागली तर घाबरू नका, तेच हवं आहे. मग जमिनीपासून दीड फुटावर छाटा; वाळक्या, आत वळलेल्या काड्या मुळाशीच काढा. जाड कापांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा. झाडाभोवतीचं आळं हलक्या हाताने खणून दोन-तीन दिवस मुळांना ऊन लागू द्या, नंतर झाडामागे 10 किलो चांगलं कुजलेलं शेणखत घालून आळं भरा. कुंडीत मोगरा असेल तर दोन मुठी गांडूळखत पुरे.

पहिलं पाणी भरपूर, पुढचं बेताने. खाडीकडच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, तेव्हा आळ्यात आत्ताच पेंढ्याचं आच्छादन टाका, म्हणजे पाणी कमी लागेल. फेब्रुवारी अर्धा व्हायच्या आत छाटणी उरका. त्यापुढे गेलात तर पुन्हा उशीर, आणि तोवर दादरच्या बाजारात इतरांची कळी येऊन भाव उतरलेला असतो.

नवी फूट आली की कळ्यांकडे रोज सकाळी नजर टाका. कळ्या जांभळट पडून एकमेकींना जाळीने चिकटलेल्या दिसल्या तर ती कळी पोखरणारी अळी. तेवढे घोस तोडून नष्ट करा आणि संध्याकाळी 5 टक्के निंबोळी अर्क फवारा.