क्रॉनिकलला 'बखर' म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की इंग्लंडच्या 'अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल'वर मराठीत लेख लिहायचाय, डिक्शनरीत क्रॉनिकलपुढे 'बखर' दिलंय, पण 'अँग्लो-सॅक्सन बखर' म्हटलं की कानाला खटकतं, तर दुसरा शब्द आहे का.

खटकतंय ते बरोबरच खटकतंय. माझं मत विचाराल तर या पुस्तकासाठी 'शकावली' हाच शब्द हवा. का ते जरा सविस्तर सांगतो, कारण हा विषय माझ्या फार आवडीचा आहे.

आधी बखर. हा शब्द 'खबर'वरून आला असं बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं, ख आणि ब यांची अदलाबदल झाली, बस. आपण नुकसानचं 'नुस्कान' करतो, मतलबचं 'मतबल' करतो, तोच प्रकार, व्याकरणात याला वर्णविपर्यय म्हणतात. दुसरं एक मत आहे की फारसी 'बखैर'वरून आला, म्हणजे पत्राच्या शेवटी खुशालीचा शब्द यायचा तो. काहींनी तर संस्कृत 'भष्' म्हणजे बोलणे इथपर्यंत नेलाय. मला स्वतःला खबरवालं पटतं आणि त्याचं कारण नुसतं अक्षरांचं नाहीये, बखर वाचली की ती खरंच कुणीतरी कुणालातरी दिलेली खबर वाटते. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून शिवाजी महाराजांचं चरित्र लिहिलं, ते वाचताना समोर धनी बसलाय आणि हा जुना माणूस त्यांना सगळं पहिल्यापासून सांगतोय असंच वाटत राहतं. छोटी छोटी वाक्यं, मधेच संवाद, मधेच याद्या, आणि तारखा मात्र फारच थोड्या.

आता शकावली. शक + आवली, आवली म्हणजे ओळ किंवा रांग, दीपावली नामावली वंशावळीतली तीच. सालांची रांग. जेधे शकावली बघा, भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली, लोकमान्य टिळकांनी 1916 साली छापून लोकांपुढे आणली. शके 1540 ते 1619, म्हणजे साधारण 1618 ते 1697 पर्यंतच्या नोंदी. शक लिहायचा, महिना, तिथी, वार, काय झालं ते एका ओळीत, की पुढची नोंद. रडणं नाही, कौतुक नाही, आणि लिहिणाऱ्याचं नावही नाही.

दोन्ही एकाच प्रसंगावर लावून बघा म्हणजे फरक लगेच कळतो. राज्याभिषेक घ्या. सभासद सांगतो बत्तीस मण सोन्याचं सिंहासन केलं, खर्च एक कोट बेचाळीस लाख होन झाला, कोण कुठे उभं होतं, गागाभट्टांना काय दिलं, वाचताना डोळ्यापुढे दरबार उभा राहतो. शकावली सांगते शके 1596, ज्येष्ठ महिना, तिथी, वार, घटिका आणि पळं, आणि तेव्हा राजे सिंहासनावर बसले. संपलं! एकाला प्रसंग सांगायचाय आणि दुसऱ्याला तो कधी झाला तेवढं हातातून निसटू द्यायचं नाहीये.

आणि हा फरक नुसता शब्दांचा नाही बरं का, महाराजांची जन्मतारीख यावरच फिरली. उत्तरकाळातल्या बखरींवरून वैशाख शुद्ध 2, शके 1549 म्हणजे 1627 साल धरलं जायचं, मग जेधे शकावलीत फाल्गुन वद्य 3, शके 1551, शुक्रवार अशी नोंद मिळाली आणि 19 फेब्रुवारी 1630 पुढे आली, सरकारी शिवजयंती आता त्याच दिवशी असते. (हिशोब करताना एक लक्षात ठेवा, शकात 78 मिळवतात पण पौष-माघ-फाल्गुनात इंग्रजी साल बदललेलं असतं तेव्हा 79 मिळवायचे, म्हणून 1551 चं 1630 होतं, इथे भलेभले एक वर्ष चुकतात.)

इतिहास संशोधक वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या 1898 च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत पत्रं समोर ठेवून बखरींच्या चुका दाखवल्या, फार कडक लिहिलंय. पण म्हणून बखर म्हणजे थापा असं जे सर्रास बोललं जातं ते मला अजिबात मान्य नाही, त्याच राजवाड्यांनी 1924 साली महिकावतीची बखर संपादून छापलीच ना. पानिपतची तारीख बखरीत शोधू नये हे ठीक, पण त्या लढाईचं दुःख लोकांच्या मनात कसं राहिलं ते भाऊसाहेबांच्या बखरीइतकं दुसरीकडे कुठे सापडणार?

आता तुमचं क्रॉनिकल. मूळ ग्रीक 'क्रोनोस' म्हणजे काळ. रशियनमधला 'लेतोपिस' तर सरळसरळ वर्ष-लेखनच. अरबीत 'तारीख' म्हणजे दिनांकही आणि इतिहासही, तिचं अनेकवचन 'तवारीख', आपण मराठीत तारखेतला दिनांक तेवढा रोजच्या वापरात ठेवला आणि तवारीख फारसी ग्रंथांपुरती राहिली. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल नवव्या शतकाच्या शेवटी, आल्फ्रेड राजाच्या काळात जुळवलं गेलं, मग त्याच्या प्रती वेगवेगळ्या मठांत गेल्या आणि तिथले लोक पुढची वर्षं भरत राहिले, पीटरबरोच्या प्रतीत तर 1154 पर्यंत. साल लिहायचं आणि पुढे नोंद. बऱ्याच नोंदी 'हेर' या शब्दाने सुरू होतात, म्हणजे 'इथे', या सालाशी. आपल्या 'शके अमुक'ची ही सख्खी बहीणच वाटते मला. कधी नोंद लांबते, 793 सालात आकाशात आगीचे ड्रॅगन दिसले, दुष्काळ पडला आणि मग लिंडिसफार्न बेटावरचं चर्च लुटलं गेलं असं येतं, पण कणा सालाचाच आहे.

मात्र सगळ्याच क्रॉनिकलना शकावली म्हणू नका. फ्र्वासार नावाचा फ्रेंच लेखक, चौदाव्या शतकातला, इंग्लंड-फ्रान्सच्या शंभर वर्षांच्या युद्धावर लिहिणारा, त्याच्या पुस्तकाचं नावही क्रॉनिकलच आहे, पण तो सरदारांना भेटून ऐकलेलं रंगवून सांगतो, त्याला आश्रयदातेही होते, म्हणजे तो आपला बखरकारच झाला. तिथे बिनधास्त बखर म्हणा. आसामच्या अहोम राजवटीतल्या 'बुरंजी' नावाच्या इतिहासांना मात्र बुरंजीच राहू द्या, त्यांचा शब्द आहे, छान आहे, बदलायची काही गरज नाही.

कैफियत आणि करीना हे शब्दही सुचतील, ते इथे नकोत, कैफियत म्हणजे सरकारने विचारलं म्हणून दिलेली माहिती आणि करीना बहुतेकदा वतनाच्या भांडणात घराण्याची हकीकत सांगणारा.

अजून एक गंमत बघा, मराठीत 'बखरकार' शब्द रुळलाय पण 'शकावलीकार' कुणी म्हणताना ऐकलंय? बखरीत सांगणारा दिसतो म्हणून त्याला नाव मिळालं. तुमच्या लेखातही त्या मठातल्या लोकांना 'बखरकार' लिहू नका, 'नोंदी करणारे' लिहा. पहिल्यांदा 'अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल ही इंग्लंडची जुनी शकावली' असं एकदा सांगून टाका आणि पुढे नुसतं 'शकावली' वापरा, दुसऱ्या परिच्छेदापर्यंत वाचणाऱ्याला सवय होईल.