जुन्या रॅमसोबत दुसऱ्या कंपनीची, वेगळ्या वेगाची रॅम लावली तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की डेस्कटॉपमध्ये आठव्या पिढीचा आय५ प्रोसेसर आहे, एच३१० चा दोन स्लॉटवाला मदरबोर्ड, एका स्लॉटमध्ये ८ जीबी डीडीआर४ रॅमची २६६६ वेगाची स्टिक. लॅमिंग्टन रोडचा दुकानदार दुसऱ्या कंपनीची ८ जीबी ३२०० देतोय. ती लावावी, की जुनी काढून दोन्ही नव्या घ्याव्यात?

लावा, जुनी काढू नका. पण मशीन सुरू झालं म्हणजे काम झालं, असं समजू नका. मी समजले होते आणि ते मला महागात पडलं.

मी गिरगावात डीटीपीचं काम करते. लग्नसराईच्या तोंडावर पत्रिकांची कामं वाढली, म्हणून माझ्या रायझनच्या मशीनमध्ये जुन्या ८ जीबीच्या जोडीला दुसऱ्या कंपनीची ८ लावली. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅमला जास्त वेगाने पळवणारं सेटिंग) आधीपासून चालूच होतं. विंडोज उघडलं, १६ जीबी दिसले, मी कामाला लागले. आठ-दहा दिवसांनी छापखान्याला पाठवलेली झिप फाइल तिकडे उघडेना. हार्डडिस्क जातेय असं वाटलं, म्हणून घाईघाईने सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी केलं, तर त्या कॉपीतल्याही काही फाइली बिघडलेल्या निघाल्या. कॉपी होताना फाइल रॅममधूनच जाते, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. डिस्क धडधाकट होती. रात्री मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर, लावलं आणि स्क्रीन लाल ओळींनी भरली. एक्सएमपी बंद करून पुन्हा चालवलं, एकही चूक नाही.

असं का होतं? प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची छोटी चिप असते. ही स्टिक कुठल्या वेगाला, कुठल्या टायमिंगला चालते, ते तिच्यात लिहिलेलं असतं. बोर्ड दोन्हींचं वाचतो आणि दोघींना झेपेल असा, म्हणजे हळू स्टिकचा वेग धरतो. एक्सएमपी चालू असेल तर मात्र एकीचं वेगवान प्रोफाइल दुसरीवरही लादलं जाऊ शकतं. ते तिला झेपलं नाही तर मशीन बंद पडेलच असं नाही. चुका गुपचूप होत राहतात.

तुमच्या मशीनमध्ये तसंही २६६६ च्या वर काही मिळणार नाही, प्रोसेसरची मर्यादाच तेवढी आहे. त्यामुळे ३२०० साठी जास्त पैसे देऊ नका. आणि एक गोष्ट नीट बघा: गेमिंगवाल्या, पत्र्याचं आवरण असलेल्या बऱ्याच स्टिकवर छापलेला ३२०० हा एक्सएमपीचा, १.३५ व्होल्टचा वेग असतो. एक्सएमपीशिवाय त्या २१३३ किंवा २४०० लाच चालतात आणि तुमच्या जुन्या स्टिकलाही खाली ओढतात. साधी, बिनपत्र्याची, १.२ व्होल्टची घ्या. लेबलवर पीसी४-२१३०० असेल तर ती २६६६, पीसी४-२५६०० असेल तर ३२००. यातली कुठलीही तुमच्याकडे २६६६ ला चालायला हवी. आता कशी चालतेय ते सीपीयू-झेड नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसेल, फक्त तिथे आकडा निम्मा, १३३३ असा येतो. तो बघून घाबरू नका.

८ ला ८ घेताय हे उत्तम. दोन्ही स्लॉट वेगवेगळ्या चॅनलवर आहेत, त्यामुळे ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्ही स्टिकशी एकाच वेळी माहितीची ये-जा, पूर्ण मिळेल. वेगळं ग्राफिक कार्ड नसेल तर हा फरक चांगलाच जाणवतो.

लावण्याआधी वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून ठेवा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा आणि मगच स्टिकला. जुनी स्टिक बाहेर काढाल तेव्हा तिच्या सोनेरी पट्ट्यांवरून खोडरबर हलकेच फिरवून कण झटका. आपल्याकडच्या दमट हवेत त्या काळवंडतात. मग मेमटेस्ट८६ प्लस पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून मशीन सुरू करा आणि रात्रभर चालू ठेवा. फुकट आहे. एक चूक आली तरी ती चूकच. "एवढं चालतं" असं दुकानदार म्हणाला तरी ऐकू नका. चूक आली तर आधी एक्सएमपी बंद आहे ना ते बघा, मग एकेक स्टिक एकटी, दोन्ही स्लॉटमध्ये आलटून पालटून तपासा. दोष नव्या स्टिकचा, जुनीचा की स्लॉटचा, ते कळेल. दोघी एकेकट्या बरोबर आणि एकत्र चुकत असतील, तर ती जोडीच जमत नाही. मग बदलून दुसरी आणायची.

म्हणून पैसे देण्याआधीच ठरवा: जमली नाही तर आठवड्यात बदलून मिळेल, असं बिलावर लिहून घ्या, स्टिकच्या सिरियल नंबरसकट. जाताना जुनी स्टिक पिशवीत घालून सोबत न्या. दोन्ही लेबलं शेजारी धरून वाचता येतात, आणि तशीच स्टिक त्याच रस्त्यावर चार दुकानं पुढे मिळाली तर हा प्रश्नच उरत नाही.