वस्तू सांभाळण्याची सवय कशी लावावी?

प्रश्न : माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. पाण्याची बाटली, खोडरबर, टोपी यांपैकी काहीतरी तो सतत शाळेत विसरून येतो आणि घरीही खेळणी खेळून झाली की जिथल्या तिथे टाकून देतो. रागावले की तो रडतो आणि मग वाईट वाटून आम्ही नवी वस्तू आणून देतो. वस्तू नीट ठेवल्यास बक्षीस द्यावे, असे एका नातेवाइकांनी सुचवले आहे. ते योग्य ठरेल का?

उत्तर : या वयातील विसरणे हा बेफिकिरीचा पुरावा मानू नका. घरी निघण्याच्या गडबडीत, कोणीही न सांगता, नेमक्या क्षणी बाटलीची आठवण होणे ही क्षमता शाळेच्या वयात हळूहळू विकसित होत जाते. रागावल्याने ती लवकर येत नाही; उलट वस्तू हरवल्याचे लपवून ठेवण्याकडे मुलाचा कल वाढण्याची भीती असते. त्याच्या स्मरणावरचा भार कमी करणे हाच खरा उपाय आहे. प्रत्येक वस्तूला तिची ठरलेली जागा हवी आणि ती जागा त्याच्या हाताला पोचणारी हवी.

इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिले ‘बालगृह’, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केले. त्यांच्या पद्धतीत मुलांसाठी बुटकी, उघडी फडताळे असतात आणि मुलांच्या हाती काचेची व चिनी मातीची खरी भांडीही दिली जातात. हातातून सुटलेली वस्तू फुटते हे समोर दिसले, की मूल ती जपून धरू लागते. न फुटणाऱ्याच वस्तू सतत हाताळणाऱ्या मुलाला हा अनुभव मिळणार तरी कसा? घरी एखादा लहान काचेचा पेला, तुम्ही शेजारी असताना, त्याच्या हाती जरूर द्यावा.

‘पसारा आवर’ ही सूचना त्याच्यासाठी फार मोघम आहे. ‘ठोकळे या डब्यात भर’ हे त्याला कळते. सुरुवातीला त्याच्यासोबत बसून आवरावे. बाहेर काढलेली खेळणी मोजकीच असावीत, उरलेली आत ठेवून अधूनमधून अदलाबदल करावी, कारण ढिगातल्या वस्तूची किंमत मोठ्यांनाही वाटत नाही.

हरवलेल्या वस्तूच्या जागी लगेच नवी आणू नका. आधी त्याच्याबरोबर शोधा, शाळेत विचारायला त्यालाच पुढे करा. बाटलीवाचून अर्थातच चालणार नाही. तेव्हा घरातली जुनी द्यावी. फाटलेले पुस्तक त्याच्याकडूनच चिकटवून घ्यावे.

बक्षिसाबाबत मी सावध राहीन. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांच्या १९७३ मधील प्रयोगात, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या लहान मुलांपैकी ज्यांना बक्षीस आधी कबूल करून दिले गेले, त्यांची ती ओढ पुढे कमी झालेली दिसली. आवरणे चित्रांइतके आवडीचे नसते, त्यामुळे हा निष्कर्ष येथे जसाच्या तसा लागू होत नाही. तरीही ‘मला काय मिळेल’ हा प्रश्न रोजच्या कामाला चिकटू नये, असे मला मनापासून वाटते. त्याऐवजी ‘आज टोपी खुंटीवर ठेवलीस’ एवढी नोंद घेतलेली त्याला पुरेल.

एक गोष्ट पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. मुलाला न विचारता त्याचे खेळणे दुसऱ्याला देऊन टाकले, तर ‘हे माझे आहे’ ही भावनाच रुजत नाही आणि आपले न वाटणारे कोण जपेल? देण्याआधी त्याला विचारावे आणि तो ‘नाही’ म्हणाला तर ते मानावे.

शाळेतील बाईंशीही बोलून घ्या. शाळा सुटताना ‘बाटली, डबा, टोपी’ असे त्यांनी सर्व मुलांकडून एकदा म्हणवून घेतले, तर तुमच्या मुलाला वेगळी आठवण करून द्यावी लागणार नाही.