कपाटातले नऊ चेंडू

"मॅडम, सासऱ्यांमुळे सोसायटीत मान वर करून चालायची सोय राहिली नाही." डोंबिवलीहून आलेल्या सूनबाई बसता बसताच बोलल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सासरे एकाहत्तरचे, रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेल्या. खाली क्रिकेट सुरू झालं की हे गॅलरीतून ओरडणार, आणि चेंडू घरात आला की तो थेट कपाटात. असे नऊ चेंडू जमले होते. चिडवणाऱ्या पोरांत घरचा नातूही होता.

म्हातारं माणूस सारखं टोकतं, मुलं जवळ फिरकत नाहीत, काय करावं? अनेक घरांतून हाच प्रश्न माझ्याकडे येतो.

आधी मी झोप, भूक आणि कान यांची चौकशी करते. उतारवयातलं नैराश्य कित्येकदा रडण्याऐवजी चिडचिडीतून बाहेर येतं, आणि ऐकू कमी येऊ लागलं तरी माणूस तुसडा होतो. काकांना डॉक्टरांकडे पाठवलं, तिथे काळजीचं काही निघालं नाही. मला मात्र ते म्हणाले, "बाई, दिवसभरात मला एकच प्रश्न विचारतात. जेवलात का?"

यानंतर चूक माझी झाली. सोसायटीत ज्येष्ठांचा कार्यक्रम घ्या, असं मी सुचवलं. १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी, शाल-श्रीफळ झालं, मुलांना दटावून सतरंजीवर बसवलं आणि काकांनी शिस्तीवर अर्धा तास भाषण केलं. दुसऱ्या दिवशी दहावा चेंडू कपाटात गेला.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच लिहून ठेवलं होतं की, दोन गट नुसते समोरासमोर आणून मनातली अढी जात नाही. दोघांचा दर्जा बरोबरीचा हवा, ध्येय एक हवं, काम मिळून करायचं हवं आणि वरिष्ठांचं पाठबळ हवं. त्यांच्यासमोर प्रामुख्याने वंशभेदाचा प्रश्न होता, पण पिढ्यांमधल्या अढीलाही मला हे तंतोतंत लागू पडताना दिसतं. एक खुर्चीवर आणि दुसरा सतरंजीवर, यात बरोबरी कुठून येणार?

दिवाळी तोंडावर होती. मुलांना किल्ला करायचा होता, तोही प्रतापगड. काका मूळचे प्रतापगडाजवळच्या पोलादपूर तालुक्यातले. त्यांना किल्ल्यावर घ्या, पण मुकादम करू नका, एवढंच मी सूनबाईंना सांगितलं. काकांनी गोणपाट आणि लाल माती आणली, अळीव भिजत घातले. पहिल्याच संध्याकाळी वाजलं! बालेकिल्ला कुठे आणि अफझल बुरूज कुठे यावरून काका अडून बसले. तेव्हा बारा वर्षांच्या एका मुलाने मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडून त्यांच्यापुढे धरला. काका बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, "यात आमचं गाव दिसंल का रे?"

पोरांनी गाव शोधलं. मग ओढा, देऊळ, शेवटी काकांच्या घराची कौलं. त्या रात्री साडेनऊपर्यंत कुणी वर गेलं नाही.

वडीलधाऱ्यांनी द्यायचं आणि लहानांनी घ्यायचं, असंच आपण धरून चालतो. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी पुढच्या पिढीसाठी काही घडवण्याची ओढ सांगितली आहे, आणि ती खरीच आहे. पण काकांची गाठ सुटली ती त्यांनी मुलाकडे काहीतरी मागितलं तेव्हा. विचारणाऱ्याला मुलं घाबरत नाहीत. तेव्हापासून प्रत्येक आजी-आजोबांना मी एक गृहपाठ देते: रोज एखाद्या मुलाकडे काहीतरी मागा, आणि ते खरोखर गरजेचं असू द्या. खोटी गरज मुलांना लगेच कळते.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दुपारी दोन ते चार चेंडूचा आवाज आला की काका अजून ओरडतात. ती वेळ सोडून खेळायचं, हे मुलांनीच ठरवलं. दहापैकी आठ चेंडू परत गेले, दोन फाटले होते. सूनबाईंचा परवा फोन आला होता. काकांनी गोणपाटं धुऊन, वाळवून पुढच्या दिवाळीसाठी माळ्यावर टाकली आहेत.