मालक गेला की भांडणं संपतात का?

कामगारांनीच कारखाना ताब्यात घेऊन चालवला तर आपसातली भांडणं कमी होतात का, असा प्रश्न आहे. माझ्या मते कमी होत नाहीत, फक्त तोंड बदलतात.

अर्जेंटिनातल्या नेउकेनचा झानोन हा टाइल्सचा कारखाना घ्या. २००१ मध्ये मालकाने गाशा गुंडाळला, कामगारांनी ताबा घेतला आणि २००२ मध्ये उत्पादन पुन्हा सुरू केलं. नाव ठेवलं 'फासिनपात', म्हणजे बिनमालकाचा कारखाना. विभागाविभागाचे समन्वयक निवडलेले, मोठे निर्णय सर्वांच्या सभेत, पगार जवळपास सारखे.

खरी गोम इथेच आहे. पूर्वी उशिरा येणाऱ्याला मुकादम झापायचा आणि बाकीचे मनातून उशिरा येणाऱ्याच्याच बाजूने असायचे. आता त्याचा उशीर शेजारच्याच्या खिशातून जातो, पण ज्याच्यासोबत रोज डबा खायचा त्याला तोंडावर बोलणार कोण? त्यात भट्टीची नस ओळखणारा जुना गडी आणि काल लागलेला पोरगा एकाच पगारावर. शिवाय 'आम्ही गेटवर रात्री काढल्या' म्हणणारे एकीकडे, नंतर भरती झालेले दुसरीकडे. (गणेश मंडळात काम केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको!)

आपल्याकडे मुंबईच्या कमानी ट्यूब्सची कंपनी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने कामगारांच्या सहकारी संस्थेकडे गेली. अशा ठिकाणी आणखी एक पेच असतो: युनियनचीच माणसं संचालक झाली, तर तक्रार घेऊन जायचं कुणाकडे?