प्रवासी विमानाला वर्दी चढवताना

गेल्या अंकात काल्पनिक लष्करी विमानांबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ओघ सुरू झाला. प्रवासी विमानाच्या प्लास्टिक मॉडेलचं किट घ्यायचं, कापायचं, भरायचं आणि जगात कुठल्याच हवाई दलाकडे नसलेलं विमान त्यातून उभं करायचं, असा हा उद्योग. माझं आयुष्य ड्रॉइंग बोर्डावर गेलं, त्यामुळे पट्टी आणि कंपास हातात घेतल्याशिवाय मला उत्तर देता येत नाही. तेवढं चालवून घ्या.

प्रश्न (वास्को, गोवा): माझ्याकडे १:१४४ स्केलचं (खऱ्या विमानाच्या १४४ पट लहान) एअरबस ए-३२० आहे. आपल्या नौदलाने बोइंगऐवजी एअरबस घेतलं असतं, तर सागरी टेहळणीचं विमान कसं झालं असतं, ते मला करून बघायचंय. राखाडी रंग देऊन नौदलाची चिन्हं लावली तर पुरेल का?

उत्तर: नाही पुरणार. तसं केलंत तर ते रंग बदललेलं प्रवासी विमानच दिसेल. आधी विमानाचं काम ठरवा. पाणबुडी शोधायची आणि वेळ आली तर तिच्यावर टॉर्पेडो टाकायचा, हे काम. मग आत माणसं कुठे बसणार, टॉर्पेडो कुठून पडणार, समुद्रावर नजर ठेवणारं रडार कुठे बसणार, हे प्रश्न ओळीने समोर येतात आणि कुठे कापायचं ते आपोआप ठरतं.

तुमच्या डोक्यावरून जाणारं पी-८आय, म्हणजे बोइंग ७३७ वरून घडवलेलं नौदलाचं टेहळणी विमान, नीट बघा. धड ७३७-८०० चं, पंख ७३७-९०० चे आणि पंखांची टोकं वर वळलेली नाहीत, तर मागे झुकलेली. पोटातला शस्त्रकप्पा पंखाच्या मागे. आत ऑपरेटर डाव्या भिंतीला तोंड करून ओळीने बसतात, म्हणून खिडक्या बुजवलेल्या. पुढच्या बाजूला बाहेर बघण्यासाठी मोठ्या खिडक्या तेवढ्या ठेवलेल्या. शेपटीमागे निघालेला दांडा पाणबुडीच्या लोखंडामुळे चुंबकीय क्षेत्रात पडणारा फरक टिपतो. अमेरिकी पी-८ए ला तो नाही, आपल्या नौदलाने मागून घेतला. काल्पनिक विमानातही असाच विचार दिसला पाहिजे: हे विमान कोणासाठी आणि त्यांनी काय मागितलं असतं?

आता तुमचं ए-३२०. ते जमिनीपासून ७३७ पेक्षा उंच उभं राहतं, हा तुमचा फायदा. पोटाखाली रडारचा फुगवटा देताना ७३७ वर जी अडचण होते ती इथे कमी. शस्त्रकप्पा पंखाच्या मागेच घ्या, कारण पंखाचा मधला भाग आणि चाकांची जागा हलवता येत नाही. एमके-५४ टॉर्पेडो २.७ मीटर लांब आणि ३२४ मिलिमीटर जाड असतो. तुमच्या स्केलला १९ मिलिमीटर लांब, सव्वादोन मिलिमीटर जाड. कप्प्याची दारं यापेक्षा आखूड कोरलीत, तर जाणकार पहिल्या नजरेत ओळखेल. पंखांची उभी टोकं कापून टाका आणि जुन्या एटीएम कार्डातून मागे झुकलेली टोकं काढा. कार्ड पाऊण मिलिमीटर जाड असतं, धार घासून पातळ करा. ते पीव्हीसी असल्याने किटचा सिमेंट त्याला धरत नाही, फेविक्विक वापरा.

सगळ्यात जास्त वेळ खिडक्या खातात. त्यावर मी जरा सविस्तर लिहिते, कारण नव्वद टक्के मॉडेलं इथेच फसतात. किटबरोबर आलेली पारदर्शक पट्टी आतून चिकटवून वरून पुट्टी मारायची, ही पद्धत सोडा. ट्यूबमधली पुट्टी वाळताना आकसते. प्रायमरपर्यंत सगळं छान दिसतं आणि महिन्याभराने राखाडी रंगाखाली खिडक्यांची भुतं ओळीने उभी राहतात. त्याऐवजी आतून प्लास्टिक शीटची सलग पट्टी लावा. बाहेरून प्रत्येक खिडकीत टाल्कम पावडरमध्ये कालवलेलं फेविक्विक टूथपिकने भरा, पृष्ठभागापेक्षा किंचित वर येईल इतकं. खायचा सोडा टाकला तर ते झटकन घट्ट होतं, पण प्लास्टिकपेक्षा कडक होतं. मग घासताना आजूबाजूचं प्लास्टिक झिजतं आणि भरलेली खिडकी टेंगळासारखी वर राहते. टाल्कमचं मिश्रण प्लास्टिकसारखंच घासलं जातं. तरी त्याच दिवशी घासा, दुसऱ्या दिवसावर ठेवू नका. ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून लाकडी ठोकळ्यावर गुंडाळा. बोटाने घासलं की खड्डे पडतात. मग ८००, मग प्रायमर. खोलीतला दिवा बंद करून टॉर्च धडाच्या अगदी लगत, आडवी धरा. एकही सावली दिसली तर पुन्हा भरा. मोठ्या फुगवट्यांसाठी एम-सील उत्तम, पण ओलं असतानाच पाण्याच्या बोटाने आकार द्या.

आणखी एक. विमानाच्या टोकाला वजन वाढलं की सगळा तोल बदलतो. ऑक्टोबर २०२३ पर्यंत गोव्याहून उडणारं नौदलाचं आयएल-३८ हे मूळचं आयएल-१८ प्रवासी विमान. त्याच्या पुढच्या भागात यंत्रसामग्री भरल्यावर रशियनांना पंख तब्बल ३ मीटर पुढे घ्यावे लागले. तुम्ही पंख हलवू नका, पण शेपटीचा दांडा लावणार असाल तर नाकात मासेमारीचं शिसं भरा, नाहीतर मॉडेल शेपटीवर बसेल. आणि एका रविवारी बोगमाळो रस्त्यावरच्या नौदल विमान संग्रहालयातलं सुपर कॉन्स्टेलेशन पाहून या. एअर इंडियाचं प्रवासी विमान, पुढे हवाई दलाकडे गेलं आणि १९७६ मध्ये सागरी टेहळणीसाठी नौदलात आलं. तुम्ही जे टेबलावर करताय, ते आपल्याकडे खरोखर झालेलं आहे, याचा फार मोठा आधार वाटतो.

प्रश्न (नाशिक): एअर इंडियाच्या ७४७ वर माझं प्रेम आहे. ती भंगारात जाण्याऐवजी हवाई दलाने इंधनवाहू म्हणून घेतली, अशी कल्पना करतोय. शेपटीखाली अमेरिकी पद्धतीचा लांब बूम, म्हणजे इंधन देणारा ताठ दांडा, लावला आहे. फोटो पाठवतोय. अजून काय हवं?

उत्तर: फोटो पाहिला, बूमची घडण सुंदर आहे. पण तो काढा. आपल्या हवाई दलाची सुखोई, जॅग्वार, मिराज, राफेल, तेजस ही सगळी लढाऊ विमानं नाकाजवळच्या नळीने, म्हणजे प्रोबने, इंधन घेतात. त्यांना मागे सोडलेल्या पाइपच्या टोकाची टोपली लागते. बूम लावलेलं विमान त्यांना एक थेंबही देऊ शकणार नाही. इराणने १९७० च्या दशकात बूमची ७४७ घेतली, कारण त्यांची फँटम विमानं अमेरिकी पद्धतीची होती. त्यांच्यासाठी ते बरोबर, आपल्यासाठी नाही.

आपल्या आयएल-७८ चा नमुना समोर ठेवा: दोन्ही पंखांखाली एकेक पॉड, म्हणजे इंधनाचा पाइप गुंडाळून ठेवलेला लांबट डबा, आणि धडाच्या मागच्या बाजूला तिसरा. ७४७ ला बाहेरच्या इंजिनाच्याही पलीकडे पॉड टांगा, म्हणजे इंधन घेणारं विमान इंजिनांच्या झोतापासून दूर राहील. पॉडसाठी लढाऊ विमानांच्या किटमधल्या उरलेल्या इंधनटाक्या वापरा, पुढच्या टोकाला छोटा पंखा लावा. हवेवर फिरणारा तो पंखा पाइप गुंडाळायला ताकद देतो. खिडक्या मात्र सगळ्या बुजवू नका. इंधनवाहू विमानं माणसंही नेतात. आणि वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांभोवतीच्या कमानींचा लाल रंग खरवडून अंधुक ठेवायचा तुमचा विचार मला मनापासून आवडला. जुनं विमान घाईत घेतलं तर तसंच दिसेल.

प्रश्न (पुणे, अभियांत्रिकीचा विद्यार्थी): १:१४४ च्या ए-३२१ वर हवाई टेहळणीचं रडार बसवतोय. गोल फिरती तबकडी छान दिसते, पण मित्र म्हणतो आपल्या हवाई दलाच्या 'नेत्र' विमानावरचं रडार सपाट पट्टीचं आहे. काय लावू?

उत्तर: तुझं मॉडेल काल्पनिकतेच्या अगदी काठावर आहे. एअर इंडियाकडची सहा ए-३२० कुळातली विमानं घेऊन त्यांवर टेहळणी रडार बसवायला केंद्राने २०२१ मध्ये मंजुरी दिली. म्हणजे खरं विमान येईल, आणि ते तुझ्यापेक्षा वेगळं असेल. त्याने तुझं मॉडेल खोटं ठरत नाही, फक्त तू कोणता पर्याय धरलास ते स्पष्ट लिहून ठेव.

दोन्ही पर्यायांमागे आपला इतिहास आहे. १९९० च्या सुमारास डीआरडीओने एव्हरो ७४८ या कानपूरला बांधलेल्या प्रवासी विमानाच्या पाठीवर फिरती तबकडी बसवली होती. ११ जानेवारी १९९९ रोजी अरक्कोणमजवळ तबकडी निखळून ते कोसळलं. आठ जण गेले, त्यात शास्त्रज्ञही होते. प्रकल्प थांबला. तिथून पुढे एम्ब्राएर विमानावरचं 'नेत्र' २०१७ मध्ये हवाई दलाकडे आलं, ते स्थिर पट्टीचं. पट्टी दोन्ही बाजूंना मिळून २४० अंश बघते. नाकासमोरचा आणि शेपटीमागचा भाग सुटतो. पट्टी लावलीस तर नाक आणि शेपूट यांचं तू काय केलंस, ते मॉडेलमध्ये दिसू दे.

तबकडीच हवी असेल तर माप अमेरिकी ई-३ या टेहळणी विमानावरून घे: व्यास ९.१ मीटर, जाडी १.८ मीटर, धडापासून उंची सुमारे ३.४ मीटर. तुझ्या स्केलला ६३, साडेबारा आणि साडेतेवीस मिलिमीटर. प्लास्टिक शीटच्या लहान होत जाणाऱ्या चकत्या कंपासने काढ, मधोमध भोक पाडून बोल्टवर रच, पायऱ्या एम-सीलने भर. वाळल्यावर बोल्ट ड्रिल मशीनच्या चकमध्ये पकड, हळू फिरव आणि वॉटर पेपर टेकव. हाताने जे आठवडाभरात जमणार नाही ते मिनिटात होतं. चष्मा घालायचाच. खांब सरळ उभे नकोत, खाली रुंद आणि आत झुकलेले घे, आणि तबकडीची मागची कड उभ्या शेपटीपासून नीट लांब राहील असं बघ. एव्हरोच्या अपघातानंतर हे अंतर मी कुणाच्याही मॉडेलमध्ये आधी मोजते. त्या विमानाचा क्रमांक मात्र आपल्या काल्पनिक विमानावर घालू नकोस.

प्रश्न (सांगली): आमचा चौदा वर्षांचा मुलगा चांगली महागडी किटं कापून त्यांची भलतीच विमानं करतो. पैसे पाण्यात जाताहेत असं वाटतं. थांबवावं का?

उत्तर: थांबवू नका, ताई. डबा उघडून सूचनेबरहुकूम जोडणं कोणालाही जमतं. पंख इथे का आणि तिथे का नाही, हा प्रश्न त्याला पडतोय, ही मोठी गोष्ट आहे. खर्चाचं म्हणाल तर नवीन किटऐवजी अर्धवट सोडलेली, भाग हरवलेली किटं घेऊन द्या. कापायला तीच बरी. कापण्याआधी बाजूने आणि वरून अशी दोन चित्रं कागदावर काढायची, असा नियम घाला. धूळ उडणारं घासकाम मास्क लावून आणि पाण्याने, फेविक्विक उघड्या खिडकीशी. कटरचं पातं बोथट झालं की लगेच बदला, बोथट पातंच घसरून बोटात जातं.

पुढच्या अंकासाठी लिहिताना किटचं स्केल आणि कंपनी जरूर लिहा, फोटो बाजूने काढलेला पाठवा. तिरप्या फोटोवरून मला मापं काढता येत नाहीत.